गरिबाच्या ताटाचा हिशेब मांडणारा शिक्षक : जॉन बॉइड ऑर

दरवर्षी १६ ऑक्टोबरला आपल्या शाळांमध्ये जागतिक अन्न दिन पाळला जातो. फळ्यावर सुविचार लिहिला जातो, अन्न वाया घालवू नका असे मुलांना बजावले जाते आणि पुढच्या तासाची घंटा होते. ज्या संघटनेच्या स्थापनेमुळे हा दिवस आला, त्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे पहिले महासंचालक कोण, असे विचारले तर शिक्षकांच्या खोलीतही सहसा उत्तर मिळत नाही. त्यांचे नाव जॉन बॉइड ऑर. स्कॉटलंडचे डॉक्टर आणि संशोधक. १९४९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण नोकरीची सुरुवात त्यांनी केली ती शाळामास्तर म्हणून. आम्हीही याच पेशातले असल्यामुळे त्यांच्याबद्दल थोडी जास्त आपुलकी वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

खाणीच्या गावातला मुलगा

ऑर यांचा जन्म २३ सप्टेंबर १८८० रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर भागातील किलमॉर्स या गावी झाला. वडिलांची दगडाची खाण होती. घर धार्मिक वळणाचे, भावंडे सात. जॉन पाच वर्षांचे असताना वडिलांचे एक जहाज समुद्रात गेले आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरावर हलाखीचे दिवस आले. कुटुंब वेस्ट किलब्राइड या गावी राहायला गेले.

मुलगा हुशार. तेराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो मोठ्या शाळेत गेला. मात्र वर्गापेक्षा वडिलांच्या खाणीवरच्या कामगारांत तो जास्त रमू लागला, त्यांची रांगडी भाषा बोलू लागला. घरच्यांना धडकी भरली. त्यांनी त्याला परत गावच्या शाळेत आणले. तिथे शिकता शिकता लहान मुलांना शिकवायचे, अशी त्या काळची पद्धत होती. त्यातून पुढे वाट निघाली आणि १९ व्या वर्षी शिष्यवृत्तीवर ते ग्लासगोला शिक्षक होण्यासाठी गेले.

ग्लासगो तेव्हा जहाजे आणि यंत्रे बांधणारे श्रीमंत शहर होते. त्याच शहराच्या पोटात अंधाऱ्या, कोंदट खोल्यांच्या वस्त्या होत्या. एकेका खोलीत अख्खे कुटुंब. विद्यार्थी ऑर सुट्टीच्या दिवशी या वस्त्यांतून पायी फिरत. माणसांची ठेंगणी चण, मुलांचे वाकडे पाय आणि म्हाताऱ्यासारखे दिसणारे तरुण त्यांनी तेव्हाच पाहून ठेवले.

पहिली नोकरी, काही दिवसांची

१९०२ च्या सुमारास ऑर यांना अशाच एका गरीब वस्तीतल्या शाळेत नोकरी मिळाली. वर्ग खचाखच भरलेला. मुलांच्या अंगावर फाटके कपडे, डोक्यात उवा, अंगाला दुर्गंधी, आणि बरीचशी मुले उपाशीपोटी आलेली. शाळेत मुलांना जेवण देण्याचा कायदा तेव्हा झालेला नव्हता. इंग्लंडमध्ये तो १९०६ साली आला, स्कॉटलंडमध्ये १९०८ साली.

या मुलांना आपण काहीच शिकवू शकत नाही, हे ऑर यांच्या लक्षात आले आणि काही दिवसांतच त्यांनी ती नोकरी सोडली. त्यांनी मुलांना मठ्ठ ठरवले नाही, आईबापांना बेफिकीर म्हटले नाही. पोट रिकामे असताना पाढे डोक्यात शिरणार नाहीत, एवढे त्यांना कळले होते.

पण नोकरी सोडणे सोपे होते, असेही समजू नका. घरची परिस्थिती बेताची, हातात शिक्षकीचे प्रमाणपत्र, दुसरा आधार नाही. त्यांनी सॉल्टकोट्स या किनाऱ्यावरच्या गावी दुसऱ्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकवले, आणि मग पंचविशीच्या आसपास पुन्हा विद्यापीठात नाव घातले. या वेळी विषय घेतले जीवशास्त्र आणि वैद्यक. १९१० मध्ये विज्ञानाची आणि १९१२ मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळाली. काही महिने जहाजावर डॉक्टर म्हणून काढले, पण औषधे लिहून देण्यात मन रमेना. माणूस आजारी का पडतो, हे त्यांना शोधायचे होते.

वासराचा खुराक ठरलेला, मुलाचा नाही

१ एप्रिल १९१४ रोजी ॲबर्डीन येथील नव्या पोषण संशोधन संस्थेची सूत्रे घेण्यासाठी ऑर पोहोचले. पाहतात तर संस्था कागदावरच! लाकडी प्रयोगशाळेचा एक आराखडा तेवढा होता. त्यांनी लाकडाऐवजी ग्रॅनाइटचा पक्का पाया घातला. इमारत उभी राहते न राहते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले.

युद्धात ते पलटणीचे डॉक्टर झाले. खंदकातल्या सैनिकांना कोरडे आणि डबाबंद खाणे मिळे. ऑर आसपासच्या ओसाड पडलेल्या बागा आणि मळ्यांतून ताजी भाजी काढून आणायला माणसे पाठवत. त्यांच्या तुकडीत आजारपणाचे प्रमाण कमी राहिले. गोळीबारात जखमींची सेवा केल्याबद्दल त्यांना दोन शौर्यपदके मिळाली. आम्हाला मात्र ती भाजीची गोष्ट पदकांइतकीच मोलाची वाटते.

युद्धानंतर संस्थेसाठी पैसा उभा करायचा होता. जॉन रोवेट नावाच्या धनिक व्यापाऱ्याने मोठी देणगी दिली आणि १९२२ मध्ये रोवेट संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. संस्थेचे मुख्य काम होते गुराढोरांचे पोषण. पण देणगीला एक अट होती. जनावरांवरच्या संशोधनातून माणसाच्या आहाराला लागू पडणारे काही सापडले, तर त्याचा पाठपुरावा करण्याची मुभा संस्थेला असली पाहिजे. ऑर यांचे पुढचे आयुष्य या एका अटीवर उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल.

त्या काळी सरकारची तिजोरी गाय, मेंढी, डुक्कर यांच्या खुराकाच्या संशोधनासाठी उघडत होती, कारण त्यात नफा होता. कोणत्या वासराला किती चारा, किती क्षार, याचे तक्ते शेतकऱ्याच्या हातात पोहोचत होते. खाणकामगाराच्या मुलाला काय मिळाले म्हणजे त्याची हाडे सरळ वाढतील, याचा तक्ता कोणी करत नव्हते. ऑर यांनी ते काम हाती घेतले.

पूर्व आफ्रिकेतील केनियात त्यांनी डॉ. गिल्क्स यांच्याबरोबर शेजारी राहणाऱ्या दोन जमातींची पाहणी केली. दूध आणि मांसावर जगणारे मसाई पुरुष हे धान्य आणि कंदमुळांवर जगणाऱ्या किकुयू पुरुषांपेक्षा सरासरी पाच इंचांनी उंच भरले. हा सगळा फरक एकट्या आहाराचा, असे त्यातून सिद्ध होत नाही. दोन जमातींची घडणच वेगळी असू शकते. त्यामुळे एकाच समाजातील, एकाच वयाच्या मुलांवरची चाचणी जास्त महत्त्वाची होती, आणि तीही त्यांनी केली.

ग्लासभर दुधाची परीक्षा

१९२७ च्या सुमारास स्कॉटलंडच्या अनेक शहरांतल्या शाळकरी मुलांचे गट पाडण्यात आले. एका गटाला रोज पूर्ण दूध, दुसऱ्याला साय काढलेले दूध, तिसऱ्याला तेवढीच ऊर्जा देणारे बिस्कीट, आणि चौथ्याला जास्तीचे काहीच नाही. सात महिने हे चालले. मग उंची आणि वजन मोजले.

दूध पिणारी मुले सुमारे २० टक्के अधिक वेगाने वाढली होती. बिस्कीट खाणाऱ्यांत हा फरक दिसला नाही. म्हणजे काय, तर पोटात नुसती भर घालून भागत नाही. पोट भरलेले असूनही शरीर उपाशी राहू शकते. साय काढलेल्या दुधानेही काम केले होते, ही तर गरीब घरांसाठी मोठी खबर होती.

त्यानंतर स्कॉटलंडच्या स्थानिक संस्थांना शाळेत दूध देण्याचा अधिकार कायद्याने मिळाला. १९३४ पासून ब्रिटनभर शाळकरी मुलांना अर्ध्या पेनीत सुमारे १९० मिलिलिटर दूध मिळू लागले. १९४६ पासून ते मोफत झाले.

ही मंदीची वर्षे होती. अमेरिकेत भाव टिकवण्यासाठी लाखो डुकरे मारून टाकली जात होती, ब्राझीलमध्ये कॉफी जाळली जात होती. ब्रिटनमध्ये शेतकऱ्याच्या दुधाला गिऱ्हाईक नव्हते आणि शेजारच्या शहरात मूल दुधावाचून वाढत होते. माल होता, भूक होती, मधले दाम नव्हते. शेती आणि आरोग्य ही दोन खाती एकमेकांशी बोलत का नाहीत, हा प्रश्न तेव्हा जिनिव्हाच्या राष्ट्रसंघातही गाजू लागला. ऑर त्या चर्चेतले एक महत्त्वाचे माणूस होते.

सरकारला न रुचलेले पुस्तक

१९३६ मध्ये त्यांचा प्रसिद्ध अहवाल आला. विषय होता अन्न, आरोग्य आणि उत्पन्न. एक हजाराहून अधिक कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदी तपासून त्यांनी देशाच्या लोकसंख्येचे उत्पन्नानुसार सहा गट केले. सर्वात खालचा गट सुमारे ४५ लाख लोकांचा. तिथे अन्नावर माणशी आठवड्याला चार शिलिंग खर्च होत होते, सर्वात वरच्या गटात चौदा. खालच्या गटात माणसाच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम एक लिटर दूध येत होते, वरच्या गटात तीन लिटर. भाकरी आणि बटाटे दोन्हीकडे होते. दूध, अंडी, फळे, भाजी, मांस मात्र उत्पन्नाच्या पायरीबरोबर वाढत जात होते.

निष्कर्ष असा निघाला की पूर्ण आरोग्य राखणारा आहार देशातल्या निम्म्या लोकांच्या ऐपतीबाहेर आहे. जगातल्या सर्वात मोठ्या साम्राज्याच्या राजधानीत हे ऐकायला कोण तयार असणार? सरकारी वर्तुळात नाराजी पसरली. ऑर मागे हटले नाहीत. त्यांनी तो अहवाल स्वतःच्या जबाबदारीवर छापला.

टीकाकारांचे म्हणणे होते की त्यांनी मोजपट्टीच फार उंच धरली. या वादात खरा मुद्दा आहे. आपण शिक्षक मंडळी ३५ गुणांना पास म्हणतो. मूल मरत नाही, चालते-बोलते आहे, एवढ्यावर समाधान मानायचे म्हणजे ३५ गुणांची पट्टी झाली. ऑर विचारत होते की हे मूल जेवढे वाढू शकले असते तेवढे वाढले का? गरिबाच्या मुलासाठी पास होण्याची पट्टी आणि श्रीमंताच्या मुलासाठी गुणवत्तेची, असे दोन हिशेब त्यांना मान्य नव्हते.

गरीब लोकांना स्वयंपाक जमत नाही, पैसे भलतीकडे उडवतात, हा आरोप तेव्हाही होत होता आणि आजही आपल्या कानावर येतो. ऑर यांच्या आकड्यांनी त्याचे उत्तर दिले. आईला काय चांगले ते कळत नाही, असे नाही. तिच्या बटव्यात तेवढे पैसे नाहीत.

युद्धातले ताट

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. ब्रिटनचे निम्म्याहून अधिक अन्न समुद्रमार्गे बाहेरून येत होते आणि जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. आता मात्र ऑर यांच्यासारख्या लोकांचे ऐकणे सरकारला भाग पडले. अन्नधोरणावरच्या वैज्ञानिक समितीत त्यांना घेण्यात आले. १९४० मध्ये त्यांनी डेव्हिड लबक यांच्यासह एक छोटे पुस्तक लिहून योजना मांडली. भाकरी, स्निग्ध पदार्थ, बटाटे, ओट, दूध आणि भाज्या एवढे प्रत्येक घराला परवडेल अशा दरात पुरवा, मग बाकीचे कमी-जास्त झाले तरी राष्ट्र तगेल.

जानेवारी १९४० पासून रेशन सुरू झाले. राजाच्या घरालाही रेशनपुस्तक होते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि पाच वर्षांखालील मुले यांना रोज अर्ध्या लिटरहून थोडे अधिक दूध स्वस्तात, आणि अगदी गरिबांना फुकट मिळू लागले. पुढे मुलांसाठी कॉड माशाचे तेल आणि संत्र्याचा रस आला. पांढऱ्या पावाच्या जागी कोंड्याचा अंश राखलेल्या पिठाचा पाव आला. लोक त्या पावाला नावे ठेवत, पण खात. हे श्रेय एकट्या ऑर यांचे नव्हे. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन आणि त्यांचे शास्त्रज्ञ सल्लागार जॅक ड्रमंड यांनी प्रत्यक्ष गाडा ओढला. पण त्यामागचा विचार ऑर वीस वर्षे सांगत आले होते.

युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत वाढलेले बालमृत्यूचे प्रमाण नंतर उतरत गेले आणि युद्धाच्या शेवटी ते युद्धापूर्वीपेक्षा खाली होते. बॉम्ब पडत असताना, अन्न तुटपुंजे असताना गरिबाचे मूल आधीपेक्षा बरे जेवले. कारण होते त्याचे रास्त वाटप.

आणि इथेच इतिहासाची कडू बाजूही सांगितली पाहिजे. त्याच साम्राज्याच्या छत्राखाली १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. भूक आणि पाठोपाठच्या साथींत सुमारे ३० लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. लंडनमधल्या बाळाचा संत्र्याचा रस मोजला जात होता आणि कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसे तांदळाच्या पेजेसाठी दारोदार हिंडत होती. वाटपाचे शास्त्र माहीत होते. ते कोणासाठी वापरायचे, हा प्रश्न सत्तेचा होता.

जगाचे कोठार, जे बांधलेच गेले नाही

मे १९४३ मध्ये अमेरिकेत जागतिक अन्न परिषद भरली. ब्रिटनने आपल्या शिष्टमंडळात ऑर यांना घेतले नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथे अन्न व कृषी संघटना स्थापन झाली, तेव्हाही ते सल्लागार म्हणूनच गेले होते. पण तिथे जमलेल्या देशांनी त्यांनाच पहिले महासंचालक निवडले. वय होते ६५. निवृत्त होऊन शेती करण्याचा त्यांचा बेत होता.

पहिल्याच वर्षी त्यांनी टंचाईतले धान्य देशादेशांत वाटून देणारी आणीबाणीची व्यवस्था उभी केली. मग सप्टेंबर १९४६ मध्ये कोपनहेगनला आपली मोठी योजना मांडली : जागतिक अन्न मंडळ. भाव पडले की या मंडळाने धान्य विकत घेऊन साठवायचे, म्हणजे शेतकरी बुडणार नाही. भाव चढले की ते बाजारात आणायचे, म्हणजे खाणारा बुडणार नाही. एक साठा दुष्काळासाठी राखून ठेवायचा, आणि गरीब देशांना सोयीच्या अटींवर धान्य द्यायचे.

सुरुवातीला माना डोलल्या. नंतर अमेरिका मागे सरली. आपल्या धान्याचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या हाती देण्याची तिची तयारी नव्हती. आयातीचे अन्न महागेल म्हणून ब्रिटननेही हात आखडता घेतला. मंडळाऐवजी नुसता सल्ला देणारी एक परिषद पदरात पडली. १९४८ मध्ये ऑर यांनी पद सोडले. पुढच्या वर्षी नोबेल मिळाले, त्याची रक्कम त्यांनी शांततेसाठी काम करणाऱ्या संस्थांना देऊन टाकली.

आपल्या देशाशी या कामाचा धागा जुळलेला आहे. ऑर यांच्या संघटनेत पोषण विभागाचे पहिले प्रमुख झाले ते वॉलेस ॲक्रॉइड. ते त्याआधी दहा वर्षे निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते आणि बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे सदस्यही. तीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९५६ मध्ये याच संघटनेचे महासंचालकपद बिनय रंजन सेन या भारतीयाकडे आले आणि त्यांच्या काळात भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू झाली.

ऑर यांचे २५ जून १९७१ रोजी स्कॉटलंडमधील आपल्या शेतावर निधन झाले, वयाच्या ९० व्या वर्षी. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने खर्च वाचवण्यासाठी सात वर्षांवरील मुलांचे शाळेतले मोफत दूध बंद केले.

आपल्यासाठी काय?

ही शेवटची नोंद आपण विसरू नये. मुलांच्या ताटात एकदा आलेली गोष्ट कायमची आली, असे होत नाही. आपल्या देशात १९९५ पासून शालेय पोषण आहाराची योजना आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्याला केळे, असे ठरले. २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा वेगळा निधी सरकारने थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा असे सांगितले. ज्या वस्तीत लोकसहभागाची ऐपत असते, तिथल्या मुलांना त्या अंड्याची गरज सर्वात कमी असते, हे सांगायला संशोधक लागत नाही.

आपल्या मोहल्ल्यांत खैरातीची कमी नाही. कोणी उपाशी झोपू नये म्हणून हात पुढे येतात, आणि ती मोठी नेमत आहे. पण ऑर यांच्या आयुष्यातून आम्हाला समजलेली गोष्ट अशी की खैरात एका वेळचे पोट भरते. मुलाची उंची वाढवायची तर रोजच्या हक्काचे ताट लागते, आणि ते सरकारी धोरणातून येते. दोन्ही हवेत, पण एकाच्या नावाखाली दुसरे सुटता कामा नये.

पालकांना एवढीच विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तुमचे प्रतिनिधी असतात, त्यांना विचारा की या महिन्यात मुलांना काय शिजवून दिले. अंगणवाडीत बाळाचे वजन आणि उंची लिहिली जाते, तो तक्ता मागून पाहा, रेष कुठे चालली आहे ते समजून घ्या. घरात डाळ, अंडे किंवा दूध थोडेच असेल तर ते मुलगा-मुलगी दोघांत सारखे वाटा आणि सर्वांच्या मागून जेवणाऱ्या आईलाही द्या. आणि एखादे मूल वर्गात पेंगत असेल, तर अभ्यासाबद्दल बोलण्याआधी ते सकाळी काय खाऊन आले हे आम्ही शिक्षकांनी विचारले पाहिजे.